धुक्याचे दिवे आणि घाडीचा बंपर

मुंबईत धुकं पडत नाही. थंडीत सकाळी भांडुपच्या डोंगराकडे जे पांढरं दिसतं, त्यात निम्मा धूर असतो. तरी धुक्यात लावायचे दिवे बदलून मी घर चालवलं. लोक विचारतात, इथे फॉग लाइट कोणाला लागतात? मी सांगते, ज्याचं घर कोकणात आहे त्याला, आणि शेजाऱ्याच्या गाडीला आहेत म्हणून ज्याला पाहिजेत त्याला. दुसरी गिऱ्हाइकं जास्त.

मुलुंडचे एक शेठ आहेत. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बेन, सगळ्यात जोरदार एलईडी टाका." मी विचारलं, "कुठल्या घाटात जाता?" तर म्हणाले, "घाट कसला? आमच्या बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये फार अंधार आहे." मी म्हटलं, "मग पार्किंगमध्ये ट्यूब लावा, स्वस्तात होईल." हसले, आणि तरी एलईडीच टाकून घेतले. मालाडहून एक पोरगा आला होता, त्याला जांभळा उजेड हवा होता. "आजी, भारी दिसतं." मी म्हटलं, "कोणाला दिसतं? तू तर आत बसलेला असतोस." तो गेला तो दुसऱ्या दुकानात गेला. जाऊ दे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन भांडुपला आले आणि मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यात कामाला लागले. गाड्यांच्या आत वायरींचे जे जुडगे असतात, ते तिथे बनायचे. आम्ही सगळ्या बायकाच होतो. कुठली वायर कुठल्या दिव्याला जाते ते रंगावरून पाठ व्हायचं. गाळा बंद झाला, मालक धंदा मुंबईबाहेर घेऊन गेला. बाकीच्या बायकांनी पोळीभाजी केंद्र काढलं. मला स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून मी दिव्यांचं दुकान काढलं. माझा नवरा कारकून होता. त्याला तेव्हाही गाडीतलं काही कळत नव्हतं, आताही कळत नाही. तो घरी स्वयंपाक बरा करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फॉग लाइट गाडीच्या खाली, बंपरात असतो. त्याला कारण आहे. धुकं म्हणजे हवेतलं पाणी. वरच्या मोठ्या दिव्यांचा झोत त्यावर पडला की उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो. समोर पांढरी चादर धरल्यासारखं होतं, आणि जितका उजेड वाढवाल तितकी चादर जाड. खालचा दिवा आडवा, पसरट झोत टाकतो. वर जात नाही. रस्त्याची कड दिसते, बाजूचा पांढरा पट्टा दिसतो, तेवढ्यावर गाडी हळू चालवायची. फॉग लाइटचं काम लांबचं दाखवायचं नाही. हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी म्हणतं, "पण लांबचं दिसायला पाहिजे ना!"

जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड द्यायची. पिवळसर उजेड, आणि भरपूर उष्णता. एलईडीला वीज कमी लागते, टिकतो जास्त. पण नुसता जुना काढला, नवा घातला, असं करून चालत नाही. एलईडीच्या दांड्यावर दोन बाजूंना उजेडाचे ठिपके असतात. ते डावी-उजवीकडेच यायला हवेत. वर-खाली आले की झोत फुटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. मागे त्याचा पंखा असतो, त्यामुळे कधी कधी मागचं रबरी झाकण बसत नाही. मग काही कारागीर झाकणच फेकून देतात. पहिल्या पावसाळ्यात दिव्यात पाणी. जुना बल्ब तापून आतला ओलावा वाळवायचा तरी, एलईडी पुढच्या काचेला तापवत नाही. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब. माल बरा असतो, झाकण नसतं.

माझ्या दुकानात दोन नियम होते. एक, बंपर उतरवताना दुसरं टोक गिऱ्हाइकाने धरायचं. मी एकटी काम करते, आणि बंपर लांब असतो. दुकानाबाहेर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसलेल्यांना मी उठवते. दोन, दिवा बसवला की गिऱ्हाइकाने स्वतः गाडीत बसून बघायचं. माझ्या दुकानासमोर गल्लीच्या पलीकडे एका बंद कंपनीची लांब भिंत आहे. तिच्यावर मी गुडघ्याएवढ्या उंचीवर तांबड्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. गाडी ठरलेल्या जागी उभी करायची, दिवेलागणीला दिवे लावायचे, आणि मी भिंतीशी उभी राहून ओरडायचं, "रेघ दिसते? उजेड रेघेच्या खाली आहे?" आतून "हो" आलं की काम झालं. उजेड रेघेच्या वर गेला की स्क्रू फिरवून दिवा खाली नमवायचा.

आता घाडीचं सांगते.

घाडी माझ्या नवऱ्याचा दोस्त, आमच्याच चाळीच्या पलीकडे राहायचा. कंपनीतून सुटल्यावर त्याने आठ माणसांची गाडी घेतली. गणपतीत वाडीतली माणसं त्या गाडीतून गावी जायची. गावाला पोचल्यावरही गाडीला सुट्टी नसे. मूर्तिकाराच्या शाळेतून, म्हणजे कारखान्यातून, वाडीतल्या घराघरांतले गणपती त्याच्याच गाडीतून यायचे. लोक मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसायचे आणि घाडी माणूस पायी चालतो तशी हळू गाडी चालवायचा. त्याचं नाव शांताराम, हे गावात बऱ्याच जणांना माहीत नसेल. गाडीवाला घाडी.

एका वर्षी गणपतीच्या आधी तो आला आणि म्हणाला, "वैनी, ह्या दिव्यांनी काय दिसाना. एलईडी घाल."

घातले. ठिपके डावी-उजवीकडे, झाकण बसवून, सगळं नीट. काही दिवसांनी परत आला.

"गो वैनी, कमी पडतत. मोठे घाल."

"घाडी, हे पुरेसे आहेत. पनवेलपर्यंत जाऊन बघितलंस का?"

"जाऊन इलंय. काय उपेग नाय. तू पैसे घे आणि घाल. दुकान चालवतंस का शाळा?"

मला राग आला. पण गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं. त्याहून जोरदार घातले. रेघेखाली आणले. परत आला. या वेळी गणपती तोंडावर आले होते. म्हणाला, "हे पण कमी." आता मात्र मला विचार पडला. दिवे मी लावून बघितले होते. त्या उजेडात भिंतीवरची मुंगी दिसली असती.

तरी बंपर काढला, वायर तपासली, बल्ब तपासला, बंपर परत बसवला. दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. दिवेलागण झाली. घाडी गाडीत बसला. मी गल्ली ओलांडून भिंतीशी गेले आणि सवयीने ओरडले, "रेघ दिसते?"

ओरडल्यावर मी भिंतीकडे बघितलं. त्याच दिवशी सकाळी कंपनीच्या वॉचमनने पूर्ण भिंतीला चुना मारला होता. दिवसभर भिंत माझ्यासमोर होती, पण कामाच्या नादात डोक्यात आलं नव्हतं. रेघ नव्हती. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी.

आतून घाडी म्हणाला, "दिसता म्हणजे? मी काय आंधळो हंय?"

मी पुन्हा विचारलं, "उजेड रेघेच्या वर आहे की खाली?"

"खालीच हा. बरोब्बर खाली. पण उजेड कमी हा गो!"

वर्षानुवर्षं या प्रश्नाला जे उत्तर दिलं, तेच त्याने दिलं होतं. रेघ तिथे असणारच, असं त्याच्या डोक्यात. डोळ्यांना काही विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. आणि हा माणूस चार दिवसांनी बायको, मुलगी, दोन नातवंडं आणि वाडीतली म्हातारी माणसं घेऊन घाट उतरणार होता.

त्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण घाडीला मी ओळखते. "तू माझी मस्करी केलंस" म्हणून भांडला असता, डोळे राहिले असते बाजूला, आणि गाडी घेऊन दुसऱ्या दुकानात गेला असता. तिथे त्याला कोणीही आणखी जोरदार दिवे घालून दिले असते. म्हणून मी रेघेचं काही बोलले नाही. परत येऊन म्हटलं, "उतर. बंपर धर."

त्याला वाटलं, मोठे दिवे घालणार. खुशीने धरला. बंपर काढला. मी तो आत ओढून नेला, भिंतीला उभा केला आणि त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले.

"काय झाला?"

"डोळे तपासून ये. मग बंपर मिळेल."

"काय बोलतंस?"

"ऐकलंस तेच. दिवे चांगले आहेत. तुला दिसत नाही."

"माका दिसत नाय? काल रातच्याक पत्ते खेळून इलंय मी!"

"हरलास की जिंकलास?"

तो गप्प बसला. म्हणजे हरला होता.

मग आवाज चढला. बाजूच्या गॅरेजमधली माणसं जमली. घाडी त्यांना सांगू लागला, ही बाई माझ्या गाडीचा बंपर चोरते, पोलिसात जातो. मी म्हटलं, जा, पण चालत जा. एकजण मला म्हणाला, "मावशी, द्या ना, गिऱ्हाईक आहे." मी त्याला विचारलं, "तू त्याच्या गाडीत बसून घाट उतरशील? आज रात्री?" तो आपल्या कामाला गेला.

घाडी शेवटी दुकानाच्या पायरीवर बसला. आवाज खाली आला. म्हणाला, "वैनी, डॉक्टर काय सांगतलो ता माका ठाऊक हा. गाडी बंद कर म्हणतलो. मगे गावाक माझो काय उपेग? गाडी हा म्हणान लोक चाय विचारतत."

मी म्हटलं, "चहा लोक नंतरही देतील. बाराव्याचा नको मिळायला."

कडक बोलले. पण गोड बोलून तो उठला नसता.

त्याची मुलगी सुप्रिया घाटकोपरला एका कार्यालयात काम करते. तिला मी फोन केला. ती सुटून थेट दुकानात आली. बाप पायरीवर, बंपर माझ्या मागे, गाडीचे दात पडल्यासारखे. मी तिला बाजूला नेलं, भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, "तिथे रेघ आहे का?"

"कुठली रेघ, काकी?"

मग तिला काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "गेल्या महिन्यात पप्पांनी दुधाऐवजी ताकाच्या पिशव्या आणल्या. आम्ही हसलो. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल." मी म्हटलं, "रेघेचं त्यांना सांगू नकोस. डॉक्टरकडे ने."

दुसऱ्या दिवशी नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर चांगलाच पिकलेला. अंधारात समोरून दिवे आले की त्याला नुसता उजेडाचा गोळा दिसत असणार. तो म्हणत होता उजेड कमी, आणि मी उजेड वाढवत होते. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. ऑपरेशन गणपतीनंतर.

आता गाडी गावाला नेणार कोण? घाडी म्हणाला, भाड्याने ड्रायव्हर बघू. गणपतीत ड्रायव्हर मिळतो कुठे? सुप्रिया म्हणाली, "मी चालवते." तिच्याकडे लायसन होतं. क्लास लावून शिकली होती, ऑफिसमधल्या मैत्रिणीची गाडी अधूनमधून चालवायची. बापाने मात्र आपल्या गाडीचं चाक तिला कधी धरू दिलं नव्हतं. "घाट म्हणजे काय घाटकोपर हा?" असं तिला ऐकवायचा.

ती तशीच, बंपर नसलेली गाडी घेऊन माझ्याकडे आली. घाडी बाजूच्या सीटवर, तोंड पलीकडे करून. मी जोरदार एलईडी काढले आणि पिवळ्या छटेचे साधे एलईडी घातले. बंपर बसवताना दुसरं टोक सुप्रियाने धरलं. रेघ नव्हती, म्हणून भिंतीला खराटा आडवा टेकवून त्याच्या दांड्याखाली उजेड आणला. घाडी तिकडे बघतच नव्हता.

मग तिला सांगितलं, धुकं आलं की वरचे दिवे मंद ठेव, मोठा झोत लावू नको. डाव्या हाताचा पांढरा पट्टा धर. मागचा कितीही भोंगा वाजवू दे, घाई करू नको. नाहीच दिसलं तर रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागा बघून थांब. रस्त्यातच थांबू नको. ती म्हणाली, "काकी, तुम्ही कधी घाटात गाडी चालवली आहे?" मी म्हटलं, "मला गाडी चालवता येत नाही." खरंच येत नाही. हे ऐकून घाडी पहिल्यांदा हसला.

गावाला पोचल्यावर सुप्रियाचा फोन आला. घाटात धुकं होतं, पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नव्हते. घाडी शेजारी बसून प्रत्येक वळण सांगत होता. "आता डावीकडे. आता मोरी येतली. आता उतार." सगळी वळणं त्याला पाठ, बघायची गरजच नाही. ती म्हणाली, "बरोबर सांगत होते, काकी, पण इतकं बोलत होते की माझं लक्ष जायला लागलं. शेवटी मी ओरडले, पप्पा, मला दिसतंय! मग घाट संपेपर्यंत गप्प बसले." त्या वर्षी वाडीतले गणपती शाळेतून तिनेच घरोघर नेले. घाडी मागे बसला. मूर्ती मांडीवर घेऊन तो पहिल्यांदाच बसला असेल.

आता या धंद्यात काही राहिलं नाही. नव्या गाड्यांचे दिवे कंपनीतूनच एलईडी येतात, आणि बल्ब वेगळा निघतच नाही. खराब झाला की अख्खा दिवा बदला. त्याला कारागीर लागत नाही, डबा उघडणारा लागतो. दुकान मी अजून उघडते, पण दुपारी घरी जाते. वाईट याचं वाटतं की रस्त्यावर हल्ली समोरून येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे दिवे डोळ्यात जातात. बल्ब चांगले असतात, पण भिंतीसमोर गाडी उभी करून कोणी बघत नाही.

घाडीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा तो सुप्रियाला घेऊन दुकानात आला. गाडी स्वतः चालवत आणली होती. काळा चष्मा कपाळावर. म्हणाला, "वैनी, दिवे बघ. खालचो डावीकडचो इलो हा वर."

दिवेलागण झाली होती. गाडी ठरल्या जागी लावली. मी भिंतीशी गेले. रेघ मी मुद्दाम परत मारली नव्हती. खराट्यावर काम भागवत होते.

"रेघ दिसते?" मी ओरडले.

काच खाली झाली आणि डोकं बाहेर आलं.

"रेघ? कसली रेघ? भिंत कोरी हा. रेघ खंय गेली?"

"चुना मारला."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. तुझा बंपर ठेवून घेतला त्या दिवशी सकाळी."

सुप्रिया दुकानाच्या पायरीवर होती, तिने नजर दुसरीकडे केली.

"म्हणजे तेव्हा रेघ नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी दिसता म्हणान सांगलंय."

"सांगितलंस. वर की खाली तेही सांगितलंस."

गाडीचे दिवे चालूच होते. तो म्हणाला, "तेव्हाच कित्या सांगलंस नाय?"

"तू ऐकलं असतंस?"

त्याने विचार केला. "नाय."

मग तो खाली उतरला आणि म्हणाला, "रंगाचो डबो खंय हा?" मी डबा काढला, पाण्याची नळीही काढली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तीच, आरपार दिसणारी. एक टोक मी धरलं, एक त्याने. दोन्हीकडे पाणी थांबलं तिथे खुणा केल्या आणि रेघ त्याने मारली. वाकून, भिंतीला नाक लावून नाही, हातभर लांबून. सरळ मारली.

हात पुसले आणि सुप्रियाला हाक मारली.

"बस गाडीत. दिवे बघ. मी भिंतीकडे उभो रवतंय."